मीनूमाशीची चटई आणि जिजीचा पलंग

विट्याच्या स्टँडवर जीप उभी होती, सामान वर बांधून झालं होतं, आणि मला जोराची लागली होती, पण सांगायचं कुणाला. नवी नवरी मी, अंगावरची हळद नीट उतरली नव्हती, आजूबाजूला सगळी सासरची माणसं, आणि ड्रायव्हर ओरडून सांगत होता की आता मिरजेशिवाय गाडी थांबणार नाही. आई गर्दीतनं पुढं आली, माझा पदर सारखा करायचं निमित्त केलं आणि कानाशी म्हणाली, "घाबरलीस तरी तोंडावर दाखवू नको." सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "रडायचं ते गाडी सुटल्यावर रड गं, हितं माणसं बघत्यात." मी रडत नव्हतेच. असं मी गाव सोडलं.

तुम्ही ज्या मागं गावात राहिलात त्यांना हे वाचून हसू येईल. पण ज्या माझ्यासारख्या गेल्या, कोण कोइमतूरला, कोण लुधियानाला, कोण कटकला, नवऱ्याच्या मागनं गलाईच्या दुकानावर, त्यांना कळेल मी काय म्हणते ते. मला लिहायची सवय नाही, दहावीचं गणित राहिलं ते राहिलंच, त्यामुळं एका दमात लिहिते, मधी थांबले की पुढचं लिहायची भीती वाटते.

कलकत्त्यात बहूबाजारच्या एका बोळात मामांचं दुकान. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे चुलतभाऊ आणि माझ्या नवऱ्याचे मालक. खाली दुकान, वर माळ्यावर आमची खोली. गलाई म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सोनारांकडचं जुनं सोनं, मोड, दुकानाची झाडलोटसुद्धा आणायची, भट्टीत वितळवायची, ॲसिडमध्ये उकळायची, मग घाण निघून जाते आणि चोख सोनं खाली राहतं. घाण जाते ती तांबूस पिवळा धूर होऊन, आणि तो धूर आधी जातो भट्टीपाशी बसलेल्या माणसाच्या नाकात. माझा नवरा तिथं बसायचा.

आणि दुकानाचा एक नियम होता, तो आपल्या सगळ्या दुकानांत असतो. कामाचे कपडे घरी आणायचे नाहीत. बनियन, चड्डी, पाय पुसायचं पोतं, सगळ्याला सोन्याचा कण लागलेला असतो, म्हणून ते दुकानातच राहतं, फाटलं की जाळतात आणि राखेतनं सोनं काढतात. हातपाय धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतात. त्यामुळं माझा नवरा रोज संध्याकाळी खालीच आंघोळ करून, घरचा शर्ट घालून, भांग पाडून वर यायचा. मला केवढा अभिमान वाटायचा. गावाकडं बायका नवऱ्याचे मळके कपडे बडवत बसतात आणि आमचं माणूस साहेबासारखं येतं. मला काय माहीत, की कपडे धुतल्याशिवाय आपल्या माणसाचं काय चाललंय ते बाईला कळतच नाही.

तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. रस्ता ओलांडायची, मासळीच्या बाजारातनं जायची, कुणी बंगालीत काही विचारलं तर त्याची, आणि काही विचारलं नाही तर त्याचीसुद्धा. मग आर्वी झाली. ती पोटात असताना गावाला जायचं असतं, पण सासूबाईंनी फोनवर सांगितलं, "त्याच्या जेवणाचं काय? तिथंच काय ते आटप." तिथंच आटपलं. सरकारी दवाखान्यात एका पलंगावर आम्ही दोघी बाळंतिणी होतो, आणि दुसरी झोपेत मला लाथा मारायची.

आता मीनूमाशीचं सांगते. माशी म्हणजे त्यांच्यात मावशी, मला पहिल्यांदा हाक मारायची लाज वाटली होती, आणि ती मला बउमा म्हणायची, म्हणजे सूनबाई. आमच्या खोलीच्या खिडकीतनं समोरच्या घराचा तळमजला दिसायचा, तिथं चटईवर चार-पाच बाया बसून काहीतरी पांढरं कापायच्या. बर्फासारखं पांढरं. देवीचे मुकुट, नवरदेवाचे टोप, फुलांच्या माळा. त्याला शोला म्हणतात, पाण्यात उगवणारं गवत असतं, त्याच्या दांड्याच्या आतला गाभा. गठ्ठे सियालदह स्टेशनला गाडीनं यायचे आणि मीनूमाशी पण बराकपूरहून गाडीनंच यायची. मी आर्वीला कडेवर घेऊन रोज बघायचे, कारण माझी आई लग्नसराईत बाशिंगं करायची, बेगड कापून, मोती लावून, आणि मी लहानपणापासून तिच्याजवळ बसून कातरकाम केलेलं. एक दिवस माशीनं उंबऱ्यातनं हाक मारली, "की बउमा, देखेगी या करेगी?" आणि सुरी आणि एक दांडा माझ्यापुढं टाकला.

त्या दांड्याला सुरी लावून फिरवत न्यायचं, मग कागदासारखी पातळ पट्टी सुटत जाते, तुटली तर संपलं. माझी पहिलीच पट्टी हातभर आली. माशीनं ती उजेडात धरली, बाकीच्या बायांना दाखवली आणि म्हणाली, "इसका हाथ पुराना है रे." मला आयुष्यात कुणी असं काही म्हटलेलं नव्हतं. घरी येऊन मी भाताचा कुकर लावायचा विसरले आणि शिव्या खाल्ल्या, तरी मला काही वाटलं नाही.

मग मी रोज जायला लागले. पगार म्हणजे नावाला, तोही दुर्गापूजेच्या आधी चांगला आणि पूजा झाली की जवळजवळ काहीच नाही. पण आर्वी माझ्या मांडीला टेकून बसायची, केसात पांढरा भुगा, तोंडात पण, बाया तिला "बुडी" म्हणायच्या, म्हातारी. कमळाच्या पाकळ्या करताना मी बंगाली बोलायला शिकले, भांडायला पण शिकले. पूजेला एका मंडपात देवीच्या डोक्यावर मी कापलेला मुकुट होता, मी आर्वीला उचलून दाखवला आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, हा मी केलाय. तिनं माझ्याकडं असं बघितलं जणू मी पाकीट मारायला आलेय. तरी मी तिला दुसऱ्यांदा सांगितलं.

आर्वी तीन वर्षांची झाली त्या हिवाळ्यात एक दिवस तिचे पप्पा भर दुपारी वर आले. अंगावर कामाचं बनियन तसंच. असं कधीच झालं नव्हतं. आडवे झाले आणि भिंतीकडं तोंड केलं. मी बनियन काढून घेतलं आणि बघितलं तर छातीवर, खांद्यावर, सगळीकडं डाग. काही जुने, वाळून काळे झालेले, काही ताजे, लाल. खोकला आला की तोंड बनियनला पुसायचे. किती दिवस, ते विचारायचं मला सुचलं नाही. रक्त बघितलं की बाई काय करते? गार पाण्यात घालते. मी नळाखाली धरलं आणि घासत सुटले, घासत सुटले, सगळं पाणी मोरीतनं खाली बोळातल्या गटारात.

मामा वर आले ते ओरडतच. मला वाटलं यांची चौकशी करायला आले. "काय केलंस गं हे! सोनं धुतलंस! सोनं धुऊन गटारात घातलंस!" मग त्यांनी दोन माणसं लावली आणि गटाराचा गाळ उपसून काढला, घमेल्यात भरला, जाळायला. सगळा बोळ जमला होता. मामा बंगाल्यांना हसून सांगत होते, "आमच्या सूनबाईंना सोनं फार झालंय." मी बनियन हातात घेऊन दारात उभी, डाग गेलेच नव्हते, मामांनी ते माझ्या हातातनं घेतलं, पिळलं, पिळलेलं पाणी घमेल्यात टाकलं आणि बनियन पण घेऊन गेले. डागाकडं बघितलं त्यांनी. चांगलं निरखून बघितलं. मला वाटतं रोजच बघत असणार, कपडे त्यांच्याच दुकानात असायचे ना. त्या दिवसापासून बोळातली पोरं मला सोनाबउ, म्हणजे सोन्याची सून, म्हणायला लागली आणि फिदीफिदी हसायला लागली.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुस जळलंय, या माणसाला धुरातनं काढा, नाहीतर स्मशानात न्यायची तयारी ठेवा. असंच म्हणाले, तोंडावर.

मग मामी आल्या. मामी कलकत्त्यातच सॉल्ट लेकला राहतात, मोठा फ्लॅट, लिफ्ट, खाली वॉचमन. त्यांच्याकडं मामांची आई होती, जिजी, अर्धं अंग गेलेलं, पलंगावर. जिजीला मराठीशिवाय काही येत नव्हतं आणि तोंड असं होतं की बंगाली आया भाषा न कळताही पळून जायच्या. मामी म्हणाल्या, "आपल्यातली बाई मिळत नाही इथं, म्हणून तू मागशील तेवढा पगार. नवऱ्याला काम करायची गरज नाही. पण चोवीस तास राहायचं, आणि लेकरू नको. जिजींना पोरांचा आवाज सहन होत नाही, हाताला लागेल ते फेकतात."

पगार खरंच मोठा होता. मीनूमाशीकडं वर्षभर बसून मला जे मिळायचं ते तिथं होळीच्या आधीच मिळालं असतं. मी आर्वीच्या पप्पांना म्हटलं, आपण बघू, मी माशीकडं जास्त काम मागते, तुम्ही दुसरं काही हलकं बघा, आर्वी आपल्याजवळ राहील. ते भिंतीला टेकून बसले होते, खोकले, आणि म्हणाले, "म्हणजे तू फुलं कापत बसणार आणि मी मरायचं." मी म्हटलं, तसं नाही हो. "मग कसं?" म्हणाले.

आईला फोन केला. मला वाटलं तिला तरी कळेल, बाशिंगवाली आहे. ती म्हणाली, "मी काय हौस म्हणून बाशिंगं करत होते काय गं? दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून करत होते. जा तिकडं. हाताला आवडतंय ते करायला आपण कुणी पाटलाच्या लेकी नाही." आणि फोन ठेवताना म्हणाली, "ते बंगालणीचं काम, मला एकदा फोटो पाठवशील?" मी पाठवला नाही.

मीनूमाशीला जाऊन सांगितलं, तर तिनं चटईवरनं मान वर केली नाही. "जा, बुढ़िया का गू साफ कर. शोला तो घास है, घास से किसका पेट भरता है. लेकिन जगह नहीं रखूँगी, बउमा. पूजा में मुझे हाथ चाहिए, आँसू नहीं." मग उठून आतनं एक कापलेलं कमळ आणलं, आर्वीच्या हातात दिलं, आणि मला म्हणाली, सुरी ठेवून जा, ती माझी आहे.

ठरलं असं, की आर्वीच्या पप्पांनी तिला घेऊन सहा महिने गावाला जायचं, हवा चांगली, सासूबाई बघतील, छाती बरी झाली की परत यायचं आणि तिघांनी एकत्र राहायचं. हावड्याला मी त्यांना बसवून दिलं. आर्वीला वाटलं मी पाणी आणायला उतरलेय. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतनं "आई, चढ की! आई, चढ!" असं ओरडत होती, चिडून, रडत नव्हती, जणू मी आळशीपणा करतेय. डब्यातली माणसं हसत होती.

जिजीनं पहिल्या दिवशी मला विचारलं, "कुणाची गं तू?" मी सांगितलं. म्हणाली, "व्हय व्हय, गटारात सोनं घालणारी. जवळ ये." मी जवळ गेले तर चांगल्या हातानं असा चिमटा काढला की दंड काळानिळा झाला. म्हणाली, "ध्यानात ऱ्हावं म्हणून."

मी तिला भरवायचे, ती तोंडात धरून ठेवायची आणि मी पुसायला वाकले की अंगावर थुंकायची. मामींसमोर गोड. मामी गेल्या की म्हणायची, "माझं हागलेलं काढायला तुला पैसं मिळत्यात. सुनंला फुकट मिळत हुतं तरी तिनं काढलं न्हाई." आणि खदाखदा हसायची, आणि मलाही हसू यायचं, मग ती एकदम गप्प होऊन म्हणायची, "दात काय काढतीस? मालकीण हाय का?" मामी म्हणायच्या घरच्यासारखी राहा, आणि माझा कप वेगळा ठेवायच्या, कान तुटलेला.

सगळ्यात वाईट म्हणजे फोन. आर्वीचा फोन आला की जिजीला नेमकं संडासचं भांडं लागायचं. मी "बोल बाळा" म्हटलं की इकडनं आरडाओरडा, "मेले गं, मेले!" आर्वी घाबरून फोन टाकायची. पुढं पुढं ती फोनवर यायलाच तयार होईना. सासूबाई म्हणायच्या, "तिकडं भूत हाय असं वाटतंय तिला, जाऊ दे." जिजीला मी एकदा हात जोडले, म्हटलं माझी लेक आहे हो, एकुलती एक. जिजी म्हणाली, "माझी चार हुती. कोण येतंय बघाय?"

सहा महिन्यांचं वर्ष झालं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पोर शाळेच्या वयाची झाली की बाई पोराला घेऊन गावाला येते आणि पुरुष परमुलखात राहून पाठवतो. आमचं उलटं झालं. आर्वीचे पप्पा बरे झाले, अंग धरलं, पण परत यायचं नाव नाही. त्यांनी खिलार खोंड घेतला, शर्यतीचा. बादशा. त्याला रोज दूध, अंडी, बदाम. फोनवर छातीचं सांगायचे नाहीत, बादशाच्या खुरांचं सांगायचे. त्याच्या अंगावर गुलाल टाकलेले व्हिडिओ पाठवायचे, मागं पोरं एकसारखे टी-शर्ट घालून नाचतायत, आणि आर्वी त्याच्या शिंगाला हात लावून उभी. बक्षीस कधी एखादी ढाल, कधी तेही नाही. मी एकदा भीतभीत विचारलं, यातनं काही मिळतं का? ते म्हणाले, "सगळं पैशात मोजायचं नसतं. जन्मभर दुसऱ्याचं सोनं उकळलं. आता कुठं मन रमेल असं काम सापडलंय. तुला नाही कळायचं." मी जिजीचं भांडं हातात घेऊन उभी होते. मी म्हटलं, "बरं."

एकदा गावच्या यात्रेला जाऊन आले, आठ दिवसांची सुट्टी मिळाली होती आणि त्यातले निम्मे प्रवासातच गेले. आर्वी सासूबाईंच्या मागं उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी फ्रॉक नेला होता, तो आखूड झाला. बायका आल्या, तुमच्यातल्याच काही होत्या, नावं घेत नाही. "काय गं, तुझा बाप्या मागारी आला आन् तू तिकडं?" "सॉल्ट लेकला राहती म्हणं, लिफ्टमधी." "गोरी झालीस की!" एक म्हणाली, "मी अशी तिकडं असते तर आमच्याला झोप आली नसती बाई, तुझ्या नवऱ्याला बरी लागती." सगळ्या हसल्या. आर्वी पण हसली, तिला काही कळलं नव्हतं, सगळ्या हसल्या म्हणून. आर्वीच्या पप्पांनी मला गोठ्यात नेलं, बादशाला दाखवायला. तो खरंच देखणा होता. मी त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, इतकी मऊ कातडी, आणि मनात आलं, माझ्या हातांपेक्षा मऊ आहे.

जिजी चौथ्या वर्षी, या हिवाळ्यात गेली. शेवटचे दिवस तिला काही सुचत नव्हतं, तरी चिमटे बरोबर बसायचे. तेराव्याला मामींनी मला साडी दिली आणि पाहुण्यांना सांगितलं, "हिनं मुलीसारखं केलं." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, इथं जवळच मराठी माणसं बदलून आलीत, बँकेत मोठे साहेब आहेत, त्यांचे वडील भ्रमिष्ट झालेत, मारकुटे आहेत, पण पगार आमच्यापेक्षा जास्त देतात. उद्यापासून जा.

मी म्हटलं, दोन दिवस द्या.

मी बहूबाजारला गेले. मीनूमाशी तिथंच होती, केस पिकलेले, माझ्या जागी एक चुणचुणीत पोरगी बसलेली. माशीनं काही न विचारता दांडा आणि सुरी दिली. मी पट्टी काढायला घेतली. वीतभरही निघाली नाही, तुटली. परत घेतली, परत तुटली. जिजीची धुणी, फिनेल, गरम पाणी, माझी बोटं जाड झाली होती, टोकाला काही लागतच नव्हतं. ती पोरगी तोंडावर हात ठेवून हसली. माशी पण हसली. "हाथ चला गया, बउमा." मी उठले. तेव्हा ती म्हणाली, "बैठ. मैंने जाने को बोला? नई लड़की का पैसा मिलेगा, आधा. बैठेगी तो बैठ."

मी तिथल्या तिथं हो म्हटलं. नव्या पोरीचा पगार तर नव्या पोरीचा. माझ्या डोक्यात सगळं उभं राहिलं, त्याच बोळात खोली घ्यायची, आर्वीला आणायची, महापालिकेच्या शाळेत घालायची, शाळा सुटली की चटईवर माझ्याजवळ. आर्वी दुसरीत आहे, अजून लहानच आहे, अजून केसात भुगा घेऊन बसेल. औषधापुरतं मी गावाला पाठवत राहीन, आणि बादशाचं ज्याचं त्यानं बघावं. इतकं मी आयुष्यात कधी ठरवलं नव्हतं. सियालदहच्या पुलाखाली उभी राहून, लोकांचे धक्के खात फोन लावला, धीर आला होता तो घरी जाईपर्यंत टिकणार नाही असं वाटलं.

आर्वीच्या पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "शर्यतींचा हंगाम चालू आहे. आत्ताच कसं?" सासूबाईंनी फोन हातातनं घेतला. "तुला काय गं धाड भरली? येवडा चांगला पगार लाथाडून गवत कापाय निघालीस? हितं घर कशावर चाललंय, ठावं हाय न्हवं?" मी सासूबाईंना म्हटलं, आत्या, मला आर्वी पाहिजे. मी असं कधी बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "मग तिलाच इचार."

आर्वी फोनवर आली. मी म्हटलं, बाळा, मी तुला न्यायला येतेय. इथं राहायचं आपण दोघींनी. तुला आठवतं का, पांढरी फुलं करायची आई?

ती म्हणाली, "नाही आठवत." मग एकदम हळू आवाजात, जसं मोठ्या माणसाला समजावून सांगावं तसं म्हणाली, "तू ते काम सोडू नको ना. तू सोडलंस की पप्पांना परत धुरात जायला लागणार, मग ते मरणार. आजीनं सांगितलंय. तू तिकडंच राहा ना, प्लीज. मी रोज फोनवर येईन, शप्पथ."

माझ्या लेकीला कशाची तरी भीती वाटत होती आणि ती भीती म्हणजे मी होते, मी घरी येईन ही. मी किती वर्षं समजत होते की ती मला विसरेल. विसरली असती तर बरं झालं असतं. ती मला मोजून, समजून, नीट लक्षात ठेवून म्हणत होती, येऊ नको.

मी म्हटलं, "नाही गं राणी. नाही सोडत. मी गंमत केली."

"खरं?"

"खरं."

"बरं, मग दप्तर पाठव, चाकाचं," म्हणाली आणि पळाली. मागनं सासूबाईंचं, "काय म्हणली? ऱ्हाती न्हवं?" असं ऐकू आलं, मग फोन कट झाला. मीनूमाशीकडं मी परत सांगायला गेले नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरी कुणी बसवली असेल, ती कुणासाठी थांबत नाही.

तुम्ही फोन करता तेव्हा विचारता, घरची आठवण येत नाही का गं, आणि माझ्यासारख्या ज्या लांब आहेत त्या म्हणतात, आपलं घर ते आपलं घर. मी पण म्हणते. पण खरं सांगते, आधी मला वाटायचं घर म्हणजे जिथं कुणीतरी आपली वाट बघतं. माझ्या घराची कौलं, चूल, आर्वीचं दप्तर, तिच्या पप्पांचा श्वास, बादशाचे बदाम, हे सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे, की मी तिथं नसावं. मी आत पाऊल टाकलं की ते पडणार, असं सगळ्यांना वाटतं. कोण जाणे, खरंही असेल. आजमावून बघायची माझी हिंमत नाही, लेकीच्या आवाजानंतर तर नाहीच.

बँकेतल्या साहेबांच्या घरी मी सोमवारी गेले. आजोबांनी पहिल्या दिवशीच काठी उगारली, ती मी धरली, जिजीनं तेवढं शिकवून ठेवलं होतं. मॅडम पुण्याच्या, बोलायला नीट, पाणी दिलं, खुर्चीवर बस म्हणाल्या. "आधीची बाई चांगली होती गं, पण तिचं सारखं घरी लक्ष. आज मुलगा आजारी, उद्या सासू आजारी. तुझं तसं काही नाही ना? घरी कोण कोण असतं? सगळे बरे आहेत?"

"हो मॅडम, मजेत आहेत," मी म्हटलं. "मी इथं आहे ना."